पान्ह्याचं इंजेक्शन आणि कळांचं इंजेक्शन एकच कसं?

तापीकाठ
मंडळी, धाकट्या बहिणीचं बाळंतपण नुकतंच धुळ्यात झालं. माय-लेक सुखरूप. मध्येच कळा मंदावल्या म्हणून डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून ऑक्सिटोसिन लावलं. नाव ऐकून मी चमकलो. आमच्या अमळनेरकडे हे नाव दूधवाल्यांच्या तोंडी असतं. म्हैस पान्हा चोरायला लागली की काही महाभाग गुपचूप सुई टोचतात, ती याचीच. त्यात मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं की हे 'प्रेमाचं हार्मोन' आहे.

माझं शिक्षण कॉमर्सचं, तेव्हा सोप्या भाषेत सांगा. हे औषध पेशीच्या आत शिरतं की बाहेरूनच काम करतं? आणि पदार्थ एकच असेल तर इथे कळा, तिथे दूध आणि डोक्यात प्रेम हे ठरवतं कोण?

अहिराणी_भो
मन्ही म्हैस ते पारडू दिसनं का मंगच पान्हो सोडस. नही ते लाथ मारस. तिले इंजेक्शन कोन देई, पहिले ते सांगा 😄

गुरांचा_डॉक्टर
तुमच्या म्हशीला पारडू दिसतं तेव्हा इंजेक्शन तिच्या मेंदूतूनच येतं.

कासेत दूध टाकीत साठवल्यासारखं मोकळं पडलेलं नसतं. ते बारीक बारीक फुगीर कोषांत असतं आणि प्रत्येक कोषाभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. गाईत थोडंफार दूध खाली सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेलं असतं. म्हशीत ते फारच थोडं, जवळजवळ सगळं वर कोषांतच. म्हणून गाय एकवेळ पान्ह्याशिवाय थोडं देईल, म्हैस देत नाही.

पारडू ढुशा देतं किंवा आपण कास धुऊन चोळतो, ती संवेदना पाठीच्या कण्यातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे जाते. तिथल्या चेतापेशी ऑक्सिटोसिन तयार करतात आणि ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सोडतात. रक्तातून कासेपर्यंत यायला, जाळी आवळायला वेळ लागतो, म्हणून म्हैस लगेच धार देत नाही. रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्मं होतं. धार काढताना मध्येच फोनवर गप्पा मारत बसलात तर उरलेलं दूध वरच राहतं.

आणि कुत्रं भुंकलं, नवा माणूस आला, कुणी काठी उगारली की अॅड्रेनालिन वाढतं आणि पान्हा आखडतो. ती चोरत नाही हो, घाबरते.

सावद्याची_सून
डॉक्टर, हे म्हशीचंच नाही, बायांचंही तसंच आहे. माझी मुलगी लहान असताना शेजारच्या घरातलं बाळ रडलं तरी मला पाझर फुटायचा. एकदा सावद्याच्या बाजारात केळीचा भाव विचारत उभी होते आणि मागे कुणाचं तरी पोर रडलं. पदर भिजला तो भिजलाच. सासूबाई म्हणाल्या, आईचं अंग आहे, त्याला कुणाचं पोर ते कळत नाही.

औषधशास्त्र_मास्तर
मूळ प्रश्नाला हात घालतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची साखळी. पहिलं आणि सहावं आम्ल सिस्टीन, त्यांच्यातले गंधकाचे अणू एकमेकांना जोडलेले. त्यामुळे सहा जणांचं कडं आणि तिघांची शेपटी अशी रचना होते. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 साली ते प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बहिणीला लावलं ते कारखान्यात बनलेलं असलं तरी रचना म्हशीच्या मेंदूतल्यासारखीच.

आता, पेशीचा पडदा चरबीचा. ही साखळी पाण्यात विरघळणारी. पडद्यातून आत जाणं तिला जमत नाही. तेव्हा तापीकाठ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बाहेरूनच काम करतं. पडद्यात एक प्रथिन रुतलेलं असतं, रिसेप्टर. त्याचा धागा पडद्याच्या आरपार सात वेळा जातो. बाहेरच्या बाजूला या सात नागमोडी खांबांच्या मधोमध खळगा तयार होतो. ऑक्सिटोसिनचं कडं त्या खळग्यात खोल बसतं आणि शेपटी बाहेरच्या तोंडाशी राहते. मॅग्नेशियमचा आयन आणि पडद्यातलं कोलेस्टेरॉल सोबतीला असलं तर ही पकड आणखी घट्ट होते.

पकड बसली की रिसेप्टरचा आकार बदलतो. सातांपैकी सहावा खांब आतल्या बाजूने बाहेर झुकतो आणि पेशीच्या आत एक फट उघडते. तिथे जी-प्रोटीन, म्हणजे निरोप आत पोचवणारं प्रथिन, येऊन अडकतं. एरवी त्याच्या मुठीत जीडीपी नावाचा रेणू असतो, तो सुटतो आणि जीटीपी येऊन बसतो. जी-प्रोटीनचे दोन तुकडे होतात आणि ते पुढच्या कामाला लागतात. ऑक्सिटोसिन मात्र अजून बाहेरच आहे.

वायरमन_चोपडा
म्हणजे आमचा मोबाइल स्टार्टर! घरी झोपून विहिरीवरच्या डब्यातल्या सिमकार्डला फोन लावायचा, डब्यातला रिले खटकन पडतो आणि मोटर सुरू. फोनमधून मोटरला करंट जात नाही. करंट तिथलाच, तारेवरचा.

औषधशास्त्र_मास्तर
वायरमन, तुम्ही माझं निम्मं काम हलकं केलंत. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. फोन तोच, पण डब्यातून वायर कुठे नेली आहे त्यावर मोटर चालेल की शेडमधला दिवा लागेल ते ठरतं. ऑक्सिटोसिनमध्ये 'दूध' असंही लिहिलेलं नसतं आणि 'कळा' असंही नसतं. अर्थ पेशी लावते.

कासेत आणि गर्भाशयात वायरिंग बरंचसं सारखं आहे. जी-प्रोटीनच्या घराण्यातलं 'जीक्यू' इथे कामाला येतं. ते फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला जागं करतं. एन्झाइम पडद्यातला एक मेदरेणू तोडतं, त्यातून आयपी-3 नावाचा छोटा रेणू सुटतो. आयपी-3 पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडतो. कॅल्शियम कॅलमोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, ती जोडी मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनाला आवळायला लावणाऱ्या एन्झाइमला चालू करते आणि पेशी आकसते. कासेत ती आकसली की कोष पिळला जातो, गर्भाशयात आकसली की कळ येते. प्रत्येक पायरीवर एकाचे अनेक होतात, म्हणून रक्तात नगण्य मात्रा असूनही एवढं मोठं आकुंचन होतं.

अहिराणी_भो
हाई काय सांगी राहिनात मास्तर, डोकं गरगर फिरी राहिनं. पन फोननी गोट समजनी.

फार्मसीचा_पोरगा
सर, शंका आहे. मग सहाव्या-सातव्या महिन्यात आई मोठ्या लेकराला पाजत असेल तर ऑक्सिटोसिन सुटतंच की. गर्भाशय का आवळत नाही?

औषधशास्त्र_मास्तर
कारण तेव्हा गर्भाशयावर रिसेप्टर थोडे असतात. दिवस भरत येतात तशी त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. हार्मोन तेवढंच असलं तरी ऐकणारे वाढले की परिणाम वाढतो. त्यामुळेच लेबर रूममध्ये ठरावीक डोस एकदम ढकलत नाहीत. पंपावर किंवा थेंब मोजून हळूहळू वाढवतात, कारण कोणाचं गर्भाशय किती ऐकेल ते आधी सांगता येत नाही.

याची उलटी बाजूही आहे. तासन्‌तास औषध चालू राहिलं की पेशी कान झाकून घेते. रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवले जातात, अॅरेस्टिन नावाचं प्रथिन तिथे येऊन बसतं, जी-प्रोटीनला जागाच उरत नाही. मग रिसेप्टर आत ओढला जातो. फार लांबलेल्या बाळंतपणात नंतर गर्भाशय नीट आवळत नाही आणि रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो, त्यामागचं हे एक कारण.

मिरची_पथारी
नंदुरबारहून. आमच्याकडे हंगामात पथारीवर लाल मिरची पसरलेली असते आणि देठ खुडणाऱ्या बाया दिवसभर त्यात बसलेल्या असतात. हाताला तेल चोपडून बसतात, तरी संध्याकाळी बोटं लाल, आणि चुकून डोळ्याला हात गेला तर विचारू नका. नव्या बाईला पहिल्या दिवशी रडू येतं. जुन्यांना विशेष काही वाटत नाही. हाही रिसेप्टरच का? आणि त्याच पथारीवर पोपट येऊन मजेत मिरची खातो, त्याला काहीच कसं होत नाही?

औषधशास्त्र_मास्तर
हो, पण जात वेगळी. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्यावर बसतं तो टीआरपीव्ही-1 हा जी-प्रोटीनवाला नव्हे, सरळ दरवाजाच आहे. उघडला की कॅल्शियम आणि सोडियम आत घुसतात. तोच दरवाजा साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून मेंदूला मिरची 'भाजल्यासारखी' वाटते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने त्याचं जनुक 1997 साली शोधलं, 2021 चं नोबेल त्यासाठीच. पक्ष्यांच्या टीआरपीव्ही-1 ला कॅप्सेसिन पकडता येत नाही, म्हणून पोपट मजेत.

न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशीतून सुटणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी, इथे दुसऱ्या अंकात येतं. चेतलेल्या मज्जातंतूच्या टोकातून 'सबस्टन्स-पी' सुटतं, अकरा अमिनो आम्लांचं. ऑयलर आणि गॅडम यांना ते 1931 साली घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडलं. ते रक्तवाहिन्यांवरच्या एनके-1 रिसेप्टरवर बसतं. पुढची साखळी जीक्यूचीच, कासेतली. पण इथे पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराची, म्हणून दूध नाही येत, वाहिनी पाझरते आणि सूज येते. लाली मुख्यतः त्याच्यासोबत सुटणाऱ्या सीजीआरपी या दुसऱ्या पेप्टाइडची. जुन्या बायांच्या बोटांत त्या तंतूंची टोकं वारंवार चेतून थकलेली, बधिरलेली असतात. कॅप्सेसिनचं मलम दुखण्यावर लावतात ते याच तत्त्वावर.

भरीत_पार्टी
म्हणजे हिवाळ्यात भरताला मिरची कमी पडली असं जे म्हणतात त्यांची टोकं थकलेली. नोंद घेतली.

फार्मसीचा_पोरगा
एनके-1 बंद करणारं औषध आमच्या दुकानात आहे, अॅप्रेपिटंट. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी लिहून येतं. दुखण्यासाठी का नाही वापरत?

औषधशास्त्र_मास्तर
चांगला प्रश्न. वेदनेसाठीच आधी खूप आशा होती. जनावरांत छान काम केलं, माणसांच्या चाचण्यांत वेदनेवर फसलं. मेंदूतल्या उलटीच्या केंद्रात मात्र सबस्टन्स-पीचं वजन जास्त, म्हणून तिथे ते टिकलं.

मनमोकळी
इतकं सगळं वाचलं, पण प्रेमाचं कुणी बोलतच नाही. ते व्होल नावाचे उंदीर आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात, ते ऑक्सिटोसिनमुळेच ना? मी तर दोन-तीन ठिकाणी वाचलंय.

औषधशास्त्र_मास्तर
ताई, अनेक वर्षं तसंच मानलं जायचं. 2023 साली मात्र प्रेअरी व्होलमधून ऑक्सिटोसिन रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलं, तरी त्यांनी जोड्या जमवल्या. नाकात फवारा मारून माणसाचा विश्वास वाढतो, अशा प्रयोगांचीही नंतर नीट पुनरावृत्ती झाली नाही. पेप्टाइड रक्तातून मेंदूत सहज जात नाही हीही अडचण. 'प्रेमाचं हार्मोन' हे मला जाहिरातीसारखं वाटतं.

मनमोकळी
तुमचा प्रयोग मान्य, निष्कर्ष नाही. जन्मापासूनच रिसेप्टर नसेल तर मेंदू वाढताना दुसरी वाट शोधणारच. त्यावरून मोठ्या प्राण्यात त्याचं कामच नाही असं कसं म्हणता? आधीच्या प्रयोगांत मोठ्या प्राण्यांना रिसेप्टर अडवणारं औषध दिलं होतं आणि जोडी जमली नव्हती.

औषधशास्त्र_मास्तर
मुद्दा बिनतोड आहे. मी एवढंच म्हणेन की त्याचा वाटा आहे, मक्तेदारी नाही. आणि हाच खेळ बाळंतपणातही दिसतो. 1996 साली ऑक्सिटोसिन अजिबात न बनवणाऱ्या उंदरिणी तयार केल्या. सगळ्यांना वाटलं, यांची बाळंतपणं अडतील. त्या व्यवस्थित व्यायल्या! पण पिल्लं उपाशी मेली. आचळांत दूध होतं, बाहेर येत नव्हतं. आईला ऑक्सिटोसिन टोचलं की पिल्लं प्यायची. थोडक्यात, उंदरात कळांना दुसऱ्या वाटा आहेत, पान्ह्याला ही एकच.

भुसावळ_लोको
मास्तर, आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. दिवसभर यार्डात काम केलं की लघवीला जावंसंच वाटत नाही, आणि झाली तर गडद पिवळी. एका मित्राने सांगितलं की तेही असल्याच कुठल्या हार्मोनमुळे. खरं का?

औषधशास्त्र_मास्तर
खरंय, आणि ते ऑक्सिटोसिनचं सख्खं भावंड आहे. व्हॅसोप्रेसिन. तेही नऊचंच, तेच कडं, तीच शेपटी. नऊपैकी फक्त दोन ठिकाणी, तिसऱ्या आणि आठव्या जागी, अमिनो आम्लं वेगळी.

घाम गेला, रक्त दाट झालं की हायपोथॅलॅमसला कळतं आणि व्हॅसोप्रेसिन सुटतं. मूत्रपिंडात त्याचा व्ही-2 रिसेप्टर. तिथे जीक्यू नाही, 'जीएस' नावाचं जी-प्रोटीन. ते सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू वाढवतं, त्याने पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेल्या पाण्याच्या नळ्या, अॅक्वापोरिन-2, पडद्यावर आणून बसवल्या जातात. पाणी रक्तात परत ओढलं जातं आणि लघवी गडद होते. हेच व्हॅसोप्रेसिन रक्तवाहिनीवर व्ही-1ए या रिसेप्टरला भेटलं की तिथे जीक्यू, कॅल्शियम, आणि वाहिनी आवळते. पेप्टाइड एक, रिसेप्टर दोन, आतली साखळी पूर्ण वेगळी.

चेहरा इतका सारखा म्हटल्यावर घोटाळाही होतो. ऑक्सिटोसिन भरपूर मात्रेत आणि नुसत्या साखरेच्या सलाईनमधून बराच वेळ गेलं तर ते व्ही-2 लाही चिकटतं. पाणी अंगात साचतं, सोडियम घसरतं, झटके येऊ शकतात. म्हणून लेबर रूममध्ये किती पाणी गेलं, किती लघवी झाली याची नोंद ठेवतात. नर्सबाई उगाच विचारत नाहीत.

भरीत_पार्टी
आणि बियर प्यायल्यावर दर दहा मिनिटांनी का उठावं लागतं?

फार्मसीचा_पोरगा
अल्कोहोल व्हॅसोप्रेसिन सुटूच देत नाही. नळ्या पडद्यावर येत नाहीत. पाणी सरळ खाली.

भरीत_पार्टी
बायकोला हे दाखवतो. तिला वाटतं मी गप्पा टाळायला उठतो.

सावद्याची_सून
विषय भलतीकडे नेऊ नका हो. मला एक विचारायचंय. इंजेक्शन दिलेल्या म्हशीचं दूध प्यायलं की मुली लवकर वयात येतात, असं आमच्या भिशीत सगळ्या बोलतात. खरं आहे?

गुरांचा_डॉक्टर
वहिनी, ऑक्सिटोसिन पेप्टाइड आहे. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचतं, तुकडे होतात. बाळंतपणात ते तोंडाने न देता शिरेतून का देतात, विचार करा. आणि वयात येण्याची साखळी वेगळ्या हार्मोनांची आहे. त्या भीतीला आधार नाही.

पण म्हणून सुई टोचणाऱ्याला मी सोडणार नाही. रोजची सुई म्हणजे जनावराला रोजची वेदना, एकच सुई दहा म्हशींना म्हणजे रोगाला आमंत्रण, आणि सवय लागली की पारडू समोर असूनही ती सुईशिवाय दूध सोडत नाही. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. गैरवापर थांबवायला सरकारने 2018 साली खाजगी कंपन्यांना देशासाठी ते बनवायला बंदी केली. बाळंतिणींना औषधच मिळणार नाही या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती रद्द केली, पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पण जनावरांचं सांगायचं तर 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहेच. दूध वाढवायला जनावराच्या आरोग्याला अपाय होईल असं काहीही टोचणं त्याच्या 12 व्या कलमात गुन्हा आहे. त्याच कलमात 'फुका'चं नावही घेतलं आहे.

मिरची_पथारी
फुका म्हणजे ते जनावराच्या मागच्या बाजूला नळीने हवा फुंकायची ती पद्धत? आजोबा सांगायचे, शहराकडचे गवळी करत. मला वाटायचं अंधश्रद्धा.

गुरांचा_डॉक्टर
क्रूर आहे, अंधश्रद्धा नाही. योनिमार्गावर ताण आला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. पिल्लू बाहेर येताना निसर्ग हेच करतो, ताण वाढतो तशी कळ वाढते. गवळ्यांनी पेप्टाइडचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी हे वापरून घेतलं, जनावराच्या जिवावर.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. बहिणीलाही धागा वाचून दाखवला, ती म्हणते नर्सबाईंवर उगाच चिडले होते.

आता खरं ते सांगतो. आमच्या एका म्हशीचं पारडू गेल्या आठवड्यात गेलं. ती अडून बसते, लाथा झाडते. काका म्हणतात सुई आण. मला ते करायचं नाही. दुसरं काय करता येईल?

अहिराणी_भो
मन्हा आजा पारडानं कातडं पेंढा भरीसन पुढे ठेवे. म्हैस चाटे आन दूध दे.

गुरांचा_डॉक्टर
आजोबांचं चालायचं, पण आता त्याची गरज नाही. पान्हा सवयीनेही येतो. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच माणसाने बसायचं. आधी पुढ्यात सरकीची ढेप ठेवा, मग कोमट पाण्याने कास धुऊन सडांना निवांत चोळा. पहिली धार यायला वेळ लागेल, ओढाताण करू नका. काही दिवसांत बादलीचा आवाज आणि ढेपेचा वास आला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटायला लागेल. काकांना तेवढे दिवस गोठ्यापासून लांब ठेवा.

त्याआधी एक करा. चारही सडांची पहिली धार काळ्या ताटलीवर घ्या. गाठी, पाणचट किंवा रक्ताळ दिसली, किंवा एखादा सड गरम आणि दगडी लागला, तर तो कासदाह आहे. तेव्हा तिला कास दुखते म्हणून ती लाथ मारते, पान्ह्याचा संबंध नाही. मग जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

तापीकाठ
मागचा डावा सड गरम लागतोय. ताटलीवर बारीक गाठी आहेत.

गुरांचा_डॉक्टर
मग ढेप-बिप नंतर. आजच दाखवा. तो सड शेवटी पिळा, ते दूध वेगळ्या भांड्यात काढून टाकून द्या, डेअरीत घालू नका, आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या म्हशीला लावू नका.